मराठीसाठी कीवर्ड रिसर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोक शोधपेटीत कोणते शब्द (कीवर्ड) टाकतात याचा अभ्यास म्हणजे कीवर्ड रिसर्च. त्याची बहुतेक माहिती इंग्रजी वेबसाइट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. मराठीत तीच पद्धत जशीच्या तशी वापरली की गाडी कुठे अडते आणि तिथून कशी काढायची, ते या पानावर आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलं आहे: दिवाळी फराळाच्या पाककृती देणारी आणि घरगुती फराळ विकणारी पुण्यातली एक काल्पनिक वेबसाइट. तुमचा विषय शेती, विमा किंवा स्पर्धा परीक्षा असला तरी अडचणी याच असतात.

कीवर्ड रिसर्चचं सॉफ्टवेअर नेमकं काय सांगतं?

चार गोष्टी. लोक काय टाइप करतात, महिन्याला साधारण किती वेळा करतात, त्या शब्दावर गूगलच्या निकालांत वर येणं किती अवघड आहे आणि त्याच्याशी नातं असलेले दुसरे शब्द कोणते. यातली पहिली आणि चौथी गोष्ट मराठीत बऱ्यापैकी भरवशाची असते. दुसऱ्या गोष्टीकडे अंदाज म्हणून बघावं. तिसरी जवळजवळ निरुपयोगी आहे; का, ते पुढे येईल.

सुरुवातीलाच पैसे भरून टूल घ्यावं का?

नको. गूगल कीवर्ड प्लॅनर, गूगल ट्रेंड्स, सर्च कन्सोल (तुमची साइट कोणत्या शोधांत दिसली ते सांगणारं गूगलचं टूल) आणि गूगलच्या शोधपेटीत खाली उघडणाऱ्या सूचना, एवढ्यावर मराठी साइटचं पहिलं वर्ष आरामात निघतं. ही चारही फुकट आहेत. सेमरश किंवा एचरेफ्स या विकतच्या टूलांच्या नेहमीच्या योजना महिन्याला शंभर डॉलरच्या वर जातात आणि त्यांचा मराठीचा साठा इंग्रजीच्या मानाने फार तुटपुंजा असतो. अगदीच हवं असेल तर आधी सीड शब्दांची, म्हणजे ज्यांवरून टूल बाकीचे शब्द काढतं त्या सुरुवातीच्या शब्दांची, पूर्ण यादी करा, मग एकच महिना पैसे भरा, सगळं उतरवून घ्या आणि वर्गणी बंद करा. यादी हाताशी नसताना टूल घेतलं की पहिले तीन आठवडे इकडेतिकडे बघण्यातच जातात.

कीवर्ड प्लॅनर फुकट कसा उघडायचा? तो तर कार्ड मागतो.

प्लॅनर गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात असतो. नवं खातं उघडताना गूगल जाहिरात मोहीम बनवायला लावतं. मोहिमेशिवाय खातं उघडण्याचा दुवा त्याच पानावर बारीक अक्षरांत कुठेतरी असतो. तो दिसला नाही तर मोहीम बनवा आणि पूर्ण होताच लगेच 'पॉज' करा. चलन रुपयेच निवडा, ते नंतर बदलता येत नाही. मग:

१. 'टूल्स' मधून 'प्लॅनिंग', तिथून 'कीवर्ड प्लॅनर'.
२. 'डिस्कव्हर न्यू कीवर्ड्स' निवडा. एका वेळी जास्तीत जास्त १० शब्द टाकता येतात.
३. ठिकाण म्हणून 'भारत' दिलेला असतो. तो काढून महाराष्ट्र आणि गोवा टाका. फक्त पुण्यात विकायचं असेल तर पुणे.
४. यादी आली की ती उतरवून घ्या. पडद्यावरच निवड करत बसू नका, कारण पुढची साफसफाई तक्त्यातच (एक्सेल किंवा गूगल शीट्स) करावी लागणार आहे.

शेजारीच स्पर्धकाचा वेबपत्ता टाकून शब्द काढायची सोय आहे. मराठी साइटवर तिचा उपयोग कमी. इंग्रजी मेनूचे शब्दच जास्त उचलले जातात.

आकड्याऐवजी '१०० ते १ हजार' एवढंच दिसतं. काही बिघडलंय का?

नाही. खात्यातून जाहिरातीवर खर्च होत नसेल तर गूगल नेमका आकडा न देता टप्पा देतं: १० ते १००, १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार, असे दहापटीचे टप्पे. '१०० ते १ हजार' या एका खणात १२० वेळा शोधलेला शब्दही बसतो आणि ९०० वेळा शोधलेलाही.

एकाच खणातले दोन शब्द तोलायचे असतील तर गूगल ट्रेंड्सवर जा. तिथे एका वेळी पाच शब्द शेजारी ठेवता येतात. ट्रेंड्स खरा आकडा देत नाही. निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच क्षण १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात मांडतं. पण 'चकली' आणि 'शंकरपाळी' यांत कोण किती मोठं, एवढं त्यावरून चांगलं कळतं. एक काळजी घ्या: ट्रेंड्स लिहिलेला शब्द तसाच धरतं, शुद्धलेखनाची वेगळी रूपं आपणहून मिळवत नाही. म्हणून मध्ये अधिकचं चिन्ह घालून रूपं जोडा, 'शंकरपाळी + शंकरपाळे' अशी. आलेख सपाट शून्यावर दिसला तर ठिकाण महाराष्ट्राऐवजी भारत करा आणि काळ पाच वर्षांचा घ्या. लहान शब्द लहान भूभागात ट्रेंड्सच्या मापात बसत नाहीत.

प्लॅनरमध्ये भाषा 'मराठी' निवडावी की 'सर्व भाषा'?

दोन्ही, एकामागून एक. भाषेची ही चाळणी शब्दाच्या लिपीवर चालत नाही. ती शोधणाऱ्याची भाषा कोणती, या गूगलच्या अंदाजावर चालते. आपल्याकडे घरात मराठी बोलणाऱ्या असंख्य लोकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. नुसती मराठी निवडलीत तर असे लोक निसटतात. नुसत्या सर्व भाषा ठेवल्या तर मुंबईतले हिंदी, गुजराती शोधही येऊन मिसळतात. दोन याद्या काढा, एकाच तक्त्यात टाका आणि वेगळ्या रकान्यात यादीचं नाव लिहा.

लोक देवनागरीत शोधतात की रोमन लिपीत?

दोन्हींत, आणि विषयागणिक प्रमाण बदलतं. निबंध, शुभेच्छा, आरत्या, सरकारी योजना यांत देवनागरी भरपूर असते. पाककृती, आरोग्य, वस्तूंच्या किमती यांत रोमन लिपीतलं मराठी आणि शेवटी 'इन मराठी' असा नमुना सर्रास दिसतो. म्हणून प्रत्येक सीड शब्दाची तीन रूपं करा: देवनागरी ('चकली रेसिपी मराठी'), रोमन लिपीतलं मराठी ('चकली कशी करायची' हेच इंग्रजी अक्षरांत) आणि इंग्रजी वाक्य ज्याच्या शेवटी 'इन मराठी' आहे. रोमन लिपीत 'कशी' आणि 'करायची' यांची स्पेलिंग लोक तीन-चार तऱ्हांनी करतात. सगळी गोळा करा. शोधपेटीच्या सूचनांत सापडतात.

पान मात्र एकच लिहायचं, देवनागरीत. रोमन लिपीसाठी वेगळं पान काढू नका. शोध रोमन लिपीत असला तरी 'इन मराठी' म्हटल्यावर गूगल देवनागरी पानं दाखवतंच. दोन पानं केलीत तर तुमचीच पानं एकमेकांशी भांडतात. रोमन रूप वेबपत्त्यात घाला, तेवढं पुरेसं आहे.

एकच शब्द यादीत दोन-तीनदा का दिसतो? डोळ्यांना तर फरक कळत नाही.

कारण संगणकासाठी ते वेगळे शब्द आहेत. मराठीतला हा सर्वात छुपा घोटाळा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

'शेतकऱ्यांसाठी योजना' हा शब्दसमूह घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो. एकात टिंबवाला ऱ आणि त्याला हलन्त: शेतकऱ्यांसाठी. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह: शेतकर्‍यांसाठी. बहुतेक फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कुणी घाईत तिसरंच टंकतं, रफार दिलेलं: शेतकर्यांसाठी. टूलच्या दृष्टीने हे तीन कीवर्ड, तीन आकडे.

तसंच 'ॲ'चं. ॲप हा शब्द युनिकोडमधल्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या) स्वतंत्र ॲ अक्षराने लिहिता येतो, अ आणि जोडचिन्हावर चंद्र देऊन 'अ‍ॅ' असाही लिहिता येतो, आणि हिंदी कीबोर्डवरून 'ऍप' असाही. स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्यामुळे जुना मजकूर आणि जुने कीबोर्ड अजून दुसऱ्याच रूपावर आहेत.

उपाय तक्त्यात करायचा. 'सबस्टिट्यूट' सूत्राने र, हलन्त आणि जोडचिन्ह (युनिकोड क्रमांक ८२०५) ही तिन्ही एकत्र पकडून त्यांच्या जागी 'ऱ्' घाला. नुसतं जोडचिन्ह पुसून टाकण्याचा मोह होतो; तसं केलंत तर 'शेतकर्‍यांसाठी' सुधारण्याऐवजी रफारवालं तिसरं रूप तयार होतं. मग 'अ‍ॅ' आणि 'ऍ' यांचा 'ॲ' करा. मागेपुढे राहिलेल्या रिकाम्या जागा काढा आणि त्यानंतरच पुनरावृत्ती गाळा. हा क्रम उलटा केलात तर काम दोनदा करावं लागतं.

गूगलचं शोधयंत्र ही रूपं बऱ्याचदा एकच मानतं. कीवर्ड टूलं मानतीलच असं नाही. म्हणून ही साफसफाई तुमच्या यादीसाठी आहे. लेखात तिन्ही रूपं कोंबायची नाहीत.

विभक्तीचं काय करायचं? चकली, चकलीची, चकल्या, चकलीसाठी...

टूलला मराठी व्याकरण येत नाही. त्याला 'पुणे', 'पुण्यात', 'पुण्यातील' आणि 'पुण्याहून' हे चार अनोळखी शब्द वाटतात. सामान्यरूप झालं की मूळ शब्दच बदलतो, त्यामुळे सीड म्हणून नुसतं 'पुणे' टाकलं तर 'पुण्यात घरगुती फराळ' सुटण्याची शक्यता मोठी. सीड देतानाच मूळ रूप, अनेकवचन, '-ची/-चा/-चे' असलेलं रूप आणि '-साठी' असलेलं रूप, एवढी चार तरी द्या. दहा शब्दांच्या मर्यादेत अडीच मूळ शब्द बसतात. फेऱ्या जास्त कराव्या लागतात, इलाज नाही.

आलेल्या यादीत एक रकाना 'मूळ शब्द' म्हणून ठेवा आणि सगळी रूपं त्याच्याखाली बांधा. बेरीज मात्र डोळे मिटून करू नका. प्लॅनर जवळची रूपं कधीकधी आपणच एकत्र करून प्रत्येकासमोर तोच आकडा दाखवतो. दोन रूपांचे बाराही महिने तंतोतंत सारखे दिसले तर तो एकच आकडा समजा.

यादीत हिंदी घुसतं. ते कसं ओळखायचं?

लिपी एकच असल्यामुळे हे होणारच. काही शब्द उघड असतात: मराठीत लाडू, हिंदीत लड्डू, आपले पोहे, त्यांचा पोहा, शंकरपाळी आणि शक्करपारे. अडचण दोन्ही भाषांत एकाच रूपाने फिरणाऱ्या शब्दांची. 'शिक्षा' मराठीत दंड, हिंदीत शिक्षण. 'पत्ता' आपल्याकडे ठिकाण, तिकडे झाडाचं पान. असा शब्द एकटा असेल तर त्याचा आकडा भारतभरच्या हिंदीने फुगलेला असतो. दोन चाचण्या करा: एक, ठिकाण भारतावरून महाराष्ट्रावर आणा आणि आकडा किती पडतो ते बघा. दोन, तो शब्द खाजगी विंडोत शोधा. पहिल्या दहांत सहा-सात पानं हिंदी असतील तर तो शब्द तुमचा नाही. त्याला मराठी शेपूट जोडा ('चकली' ऐवजी 'चकली भाजणी प्रमाण'), म्हणजे भेसळ आपोआप गळते.

प्रदेशाप्रमाणे शब्द बदलतो, हेही इथेच सांगायला हवं. करंजीला गोव्यात नेवरी म्हणतात. गोव्यातही विकणार असाल तर तो शब्द यादीत हवा.

सीड शब्द आणायचे कुठून?

टूलमधून तर मुळीच नाही. गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर काय विचारतात ते उतरवा, त्यांच्याच शब्दांत. यूट्यूबवर त्या विषयाच्या गाजलेल्या मराठी व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया वाचा. 'चकली मऊ का पडते', 'चकली तेलात विरघळते', 'भाजणी नसेल तर चकली कशी करायची' हे प्रश्न तिथे सापडतात आणि टूल ते अनेकदा दाखवतही नाही. पाककृती शंभर ठिकाणी मिळते. चकली तेलात विरघळली की माणूस हातातलं काम सोडून शोधतो आणि जो उत्तर देतो त्याचं पान शेवटपर्यंत वाचतो.

मग शोधपेटी. 'चकली' लिहून एक जागा सोडा आणि पुढे क, ख, ग करत एकेक अक्षर टाकून सूचना टिपा. प्रश्नार्थक शब्दही आधी-नंतर लावून बघा: कशी, का, किती, कधी, कोणती. हे खाजगी विंडोत करा, नाहीतर तुमच्याच जुन्या शोधांचं प्रतिबिंब दिसेल. अर्ध्या तासात एका सीडवरून पन्नासेक शब्द सहज निघतात.

क्रियापदांत नाक मुरडू नका. 'चकली बनवणे' हा प्रयोग काहींना खटकतो, 'करणे' हवं म्हणतात. शोधणारे दोन्ही टंकतात.

टूल म्हणतं व्हॉल्यूम (महिन्याचे शोध) शून्य. तो विषय सोडून द्यावा?

शून्य म्हणजे कुणी शोधत नाही असं नव्हे, टूलला मोजता आलं नाही. मराठीत लांब शब्दसमूहांपैकी पुष्कळ या खणात पडतात, कारण वर सांगितलेल्या लिपी, शुद्धलेखन आणि विभक्ती यांमुळे एकच मागणी दहा रूपांत वाटली जाते आणि प्रत्येक रूप मापाच्या खाली राहतं. शोधपेटी तो शब्दसमूह आपणहून सुचवत असेल तर मागणी आहे असं धरा आणि लिहा. सूचनेतही नाही, प्रतिक्रियांतही नाही, गिऱ्हाइकानेही कधी विचारलं नाही, तर सोडा.

कीवर्ड डिफिकल्टी (वर येणं किती अवघड, याचा टूलने दिलेला आकडा) २ आहे, तरी पान वर येत नाही. का?

कारण तो आकडा तुम्हाला वाटतंय ते मोजत नाही. एचरेफ्सची डिफिकल्टी पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइटवरून दुवे मिळाले आहेत, त्यावर ठरते. मराठीत एकमेकांना दुवे देण्याची सवयच कमी. पहिल्या दहांत लोकसत्ता, लोकमत, सकाळ यांसारख्या वृत्तपत्रांची पानं आणि वर यूट्यूबचे व्हिडिओ असले तरी त्या विशिष्ट पानांना दुवे नसतात. मग टूल म्हणतं, सोपं आहे! प्रत्यक्षात तुमच्यासमोर वर्षानुवर्षांची जमलेली साइट उभी असते.

हा रकाना मराठीसाठी झाकून ठेवा आणि निकाल स्वतः बघा. पहिल्या दहांत एखादी लहान, एकट्या माणसाची साइट आहे का? एखादं पान विषयाला नुसतं शिवून जाणारं आहे का? पाककृतीच्या शोधात निम्मी जागा व्हिडिओंनीच घेतली आहे का? पहिल्या दोनपैकी एकाचं उत्तर 'हो' असेल तर उतरायला हरकत नाही. तिसऱ्याचं 'हो' असेल तर आधी व्हिडिओ करा.

आणि प्लॅनरमधला 'कॉम्पिटिशन' रकाना?

तो जाहिरातदारांतली चुरस दाखवतो. लेख वर आणण्याशी त्याचा संबंध नाही. 'हाय' बघून घाबरायचं कारण नाही; उलट तिथे विकणारे पैसे मोजतात, म्हणजे शोधणारा खरेदीच्या बेतात असतो.

एका पानासाठी किती कीवर्ड घ्यायचे? दोन शब्द एकाच पानात बसतात की नाही, हे कसं ठरवायचं?

दोन्ही शब्द गूगलवर शोधा आणि पहिली दहा पानं शेजारी मांडा. चार किंवा जास्त पानं दोन्हीकडे तीच असतील तर एकच पान लिहा. एक-दोनच जुळत असतील तर दोन पानं. 'चकली रेसिपी मराठी' आणि 'चकली कशी बनवायची' बहुधा एकत्र जातील. 'चकली भाजणी प्रमाण' तपासून बघावं लागेल. 'घरगुती फराळ ऑर्डर पुणे' नक्कीच वेगळं, कारण तिथे माणूस शिकायला आलेला नाही, विकत घ्यायला आला आहे; त्याला दर, वजन, घरपोच मिळण्याची तारीख आणि फोनचं बटण हवं. पाककृतीच्या पानावर खाली विक्रीचा परिच्छेद जोडून हे काम होत नाही.

सणांच्या कीवर्डचा आकडा इतका कमी का दिसतो?

कारण प्लॅनर १२ महिन्यांची सरासरी दाखवतो. समजा एखादा शब्द ऑक्टोबरात ६,००० वेळा, सप्टेंबरात १,२०० वेळा शोधला गेला आणि उरलेल्या दहा महिन्यांत जवळपास नाहीच. सरासरी येते ६००. तुमच्यासाठी खरा आकडा ६,००० आहे, फक्त तो एकाच महिन्यात मिळणार आहे. उतरवलेल्या फाइलमध्ये महिनावार रकाने असतात, ते बघा.

मराठी सणांना अधिकमासाचा फटकाही बसतो. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला गेली आहे. लक्ष्मीपूजनही २०२५ ला ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं, २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे. मागच्या वर्षीचा ऑक्टोबर या वर्षीच्या ऑक्टोबरशी ताडून 'मागणी घसरली' असा निष्कर्ष काढणारे दरवर्षी भेटतात. तारखेशी तारीख जुळवू नका. सणाच्या आधीचा सहावा आठवडा मागच्या वर्षीच्या सहाव्या आठवड्याशी जुळवा.

लिखाण सणाच्या दोन ते तीन महिने आधी चढवा. नव्या पानाला वर यायला वेळ लागतो. परदेशी फराळ पाठवण्याचे शोध घरच्या फराळाआधीच सुरू होतात, कारण कुरिअरचे दिवस हाताशी ठेवावे लागतात. ते बघायला प्लॅनरमध्ये महाराष्ट्र (पाठवणारे आई-वडील) आणि अमेरिका किंवा ब्रिटन (मागवणारी मुलं) अशी ठिकाणं वेगवेगळी टाकून बघा. शब्दही वेगळे निघतात. आणि दरवर्षी नवं पान काढू नका. वेबपत्त्यात साल न घालता तेच पान दरवर्षी ताजं करा.

उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये उघडली तर चित्रविचित्र अक्षरं दिसतात.

फाइल ठीक आहे, एक्सेलने ती चुकीच्या संकेतनात उघडली. दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये 'डेटा' टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि 'फाइल ओरिजिन' मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा. गूगल शीट्समध्ये चढवली तर बहुधा हा त्रास होतच नाही. खराब दिसणारी फाइल चुकून 'सेव्ह' केलीत तर मराठी कायमचं जाऊ शकतं. पुन्हा उतरवून घ्या.

वेबपत्ता देवनागरीत ठेवावा का?

गूगलला चालतो. पण देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात टक्केवारीच्या संकेतात नऊ जागा घेतं आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. 'चकलीची-भाजणी' या दोनच शब्दांना १०० जागा लागतात. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० जागांवर कापतं, म्हणजे साधारण २२ चिन्हांत संपला! मोठं शीर्षक अर्ध्यात तुटतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा दोन ओळींचा जंजाळ दिसतो. रोमन लिपीतला तीन-चार शब्दांचा छोटा पत्ता हाताने लिहा. आधीच छापलेल्या पानांचे पत्ते बदलायचे असतील तर जुन्यावरून नव्यावर कायमचं पुनर्निर्देशन, म्हणजे ३०१, लावायला विसरू नका.

पान चढवल्यावर पुढे काय बघायचं?

सर्च कन्सोल. बाकीची टूलं अंदाज देतात, हे तुमच्या साइटचा हिशेब देतं. साइट आजच जोडा, कारण माहिती मागच्या १६ महिन्यांपुरतीच ठेवली जाते. सहा ते आठ आठवड्यांनी 'परफॉर्मन्स' अहवाल उघडा, 'क्वेरीज' बघा आणि सरासरी स्थान ८ ते २० यांमधले शब्द वेगळे काढा. त्या शब्दांवर तुम्ही दाराशी पोचला आहात. त्यांचं उत्तर पानात नीट आहे का ते तपासा, नसेल तर एक परिच्छेद घाला. नवीन दहा पानं लिहिण्यापेक्षा हे काम लवकर फळतं.

देवनागरी आणि रोमन शोध वेगळे करायला क्वेरी चाळणीत 'कस्टम (रेजेक्स)', म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने चाळणारा पर्याय, निवडून [अ-ह] लिहा. देवनागरी अक्षर असलेले सगळे शोध येतील. 'जुळत नाही' हा पर्याय घेतला की उरलेले. प्रश्न काढायला (कसे|कसा|कशी|किती|कधी|कुठे) हे चालतं. त्यात 'का' तसाच घालू नका, 'काकडी' आणि 'कारलं' पण येतील. तो हवाच असेल तर (^| )का( |$) असा लिहा.

पडद्यावर फक्त १,००० ओळी दिसतात. शिवाय फार थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल लपवतं, म्हणून ओळींची बेरीज वरच्या एकूण क्लिकपेक्षा कमी भरते. मराठी साइटवर ही तफावत मोठी असू शकते, कारण तेच: एक मागणी, दहा रूपं.

अशुद्ध रूप जास्त शोधलं जात असेल तर लेखात तसंच लिहावं का?

नाही. शुद्ध लिहा, गूगल सांधून घेतं. अपवाद एकच: जिथे दोन्ही रूपं खरोखर प्रचलित आहेत, शंकरपाळी आणि शंकरपाळे यांसारखी, तिथे दोन्ही सहज येऊ द्या. आणि कीवर्ड किती टक्के असावा याचं गणित सोडून द्या. शीर्षकात एकदा, पहिल्या परिच्छेदात एकदा, एखाद्या उपशीर्षकात; बाकी विषय बोलताना तो शब्द येतोच. 'मेटा कीवर्ड्स' (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी कीवर्डची यादी) भरण्यात वेळ घालवू नका, गूगलने क्रमवारीसाठी ते वापरत नसल्याचं २००९ मध्येच सांगून टाकलं आहे.

कीवर्ड एआयला विचारले तर?

रूपं काढायला उत्तम. 'चकली' देऊन विभक्तीची रूपं, रोमन स्पेलिंग, उलटसुलट प्रश्न मागा. तासाचं काम मिनिटात होतं. आकडे मागू नका. शोधांच्या नोंदींशी जोडलेला नसलेला चॅटबॉट व्हॉल्यूम सांगतो तेव्हा तो मनाने सांगतो, आणि तेही दशांश चिन्हासकट.

जाहिरातीत नको असलेले शोध कसे रोखायचे?

निगेटिव्ह कीवर्डने, पण इथे विभक्ती पुन्हा आडवी येते. निगेटिव्ह शब्द समानार्थी किंवा एकवचन-अनेकवचन आपणहून धरत नाही. फराळ विकताना 'रेसिपी' रोखलीत तरी 'कृती', 'पाककृती', 'कशी करायची' आणि या सगळ्यांची रोमन रूपं मोकळी राहतात. प्रत्येक वेगळं टाका. 'फुकट', 'मोफत', 'विनामूल्य' तिन्ही. शिवाय 'नोकरी', 'क्लासेस', 'फोटो', 'चित्र'. पहिले दोन आठवडे रोज 'सर्च टर्म्स' अहवाल बघून यादी वाढवा. नंतर आठवड्यातून एकदा पुरतं.

यूट्यूबसाठी हेच शब्द चालतील का?

अर्धेअधिक. ट्रेंड्समध्ये 'वेब सर्च' बदलून 'यूट्यूब सर्च' करता येतं. तिथे क्रम बराच पालटलेला दिसतो. चॅनेल आधीच असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये रहदारीच्या स्रोतांतून 'यूट्यूब सर्च' उघडा, लोकांनी टंकलेले शब्द जसेच्या तसे मिळतात. तिथून निघालेले प्रश्न परत साइटच्या यादीत टाका.